डीएपीची जादा गोणी टाकून लेसिथिन वाढणार नाही

प्रश्न (देपालपूर, जि. इंदूर): लक्ष्मीबाईनगर मंडीत ओल्या सोयाबीनचा भाव पाडताना व्यापारी म्हणाला, "यातलं लेसिथिन बिघडतं." हे खरं का? जादा डीएपी (फॉस्फरसचं खत) दिलं तर लेसिथिन वाढेल का?

उत्तर: आधी डीएपीचं सांगतो. वाढणार नाही, पैसे घालू नका. दाण्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात साठतो आणि जादा खताने वाढलं तर मुख्यतः तेच वाढतं. तेलातून निघणारं लेसिथिन ज्याचं बनतं, ते फॉस्फोलिपिड पेशीच्या पडद्यात असतं, ते दाण्याला हवं तेवढंच तयार होतं. माळव्यात हेक्टरी ६० किलो स्फुरद (खतातला फॉस्फरस) पुरे. ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलंत तर गंधकही मिळेल.

आता लेसिथिन. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन स्निग्धाम्लं जोडलेली असतात. फॉस्फोलिपिडात दोनच, तिसऱ्या जागी फॉस्फेट आणि त्याला लटकलेला आणखी एक गट. तो कोलीन असला तर फॉस्फॅटिडिलकोलीन, इथेनॉलअमाइन असला तर फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन, इनॉसिटॉल असला तर फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल. सोयाबीनमध्ये मुख्य हीच तीन, आणि स्निग्धाम्लांत लिनोलिक सर्वांत जास्त. कच्च्या तेलात ही सगळी फॉस्फोलिपिडं मिळून साधारण दीड ते तीन टक्के. गरम तेलात थोडं पाणी घातलं की ती फुगून डिंकासारखी वेगळी होतात. तो डिंक वाळवला की लेसिथिन. चॉकलेट-बिस्किटांत जातं ते हेच.

व्यापारी अगदीच खोटं बोलला नाही. ओल्या, फुटक्या दाण्यात फॉस्फोलिपेज-डी हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि कोलीनसारखा गट तोडून टाकतं. मागे उरतं फॉस्फॅटिडिक आम्ल. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधलं गेलं की पाण्याने निघत नाही. कारखान्याला फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल वापरावं लागतं. खर्च वाढतो, लेसिथिन कमी निघतं. तरी पुढच्या वेळी ओलावा यंत्रावर मोजून दाखवायला सांगा. सरकारी खरेदीत मर्यादा १२ टक्क्यांची आहे. नुसता मुठीत धरून भाव पाडू देऊ नका.

घरी दाणा दातांखाली धरून बघा. कट्‌कन फुटला तर वाळलेला, दबला तर अजून ऊन हवं. कापलेलं पीक पावसात गंजी घालून ठेवू नका, आतून तापतं. मळणीत साल निघालेले, दोन फाकी झालेले दाणे जास्त दिसले तर थ्रेशर फार जोरात चाललाय. बियाण्यासाठी ड्रम मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवरच ठेवा.