सर्व्हरची नाडी: नवी डिस्क, जुनी खोड

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. एका सर्व्हरवर ईएसएक्सआय (एकाच यंत्रात अनेक संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात तीन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवतो. हिशेब आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर त्यातल्या एकावर आहे. डिस्क जुन्या झाल्या म्हणून दिवाळीत ७२०० आरपीएमच्या दोन नव्या, मोठ्या डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) टाकल्या. तेव्हापासून काम उलट मंदावलंय. रिपोर्ट बरे निघतात, पण डिलिव्हरी चलन सेव्ह करताना पडदा गोठतो. पुरवठादार म्हणतो, एसएसडी घ्या. कुणीतरी सेक्टर अलाइनमेंट, म्हणजे पार्टिशनची (डिस्कच्या आखलेल्या भागाची) सुरुवात सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याच्या) सीमेवर आहे का, ते तपासायला सांगितलं. पण आमचं विंडोज सर्व्हर २००८ आहे, त्यात ते आपोआप बरोबर असतं ना? (हे हिशेबाचं मशीन आधी विंडोज सर्व्हर २००३ वर होतं, ते व्हीएममध्ये आणलं आणि मग अपग्रेड केलं.)
— एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. विंडोज आज कुठलं आहे याला इथे महत्त्व नाही, पार्टिशन कुठल्या विंडोजच्या हातून जन्मलं ते पाहायचं. सर्व्हर २००८ नवं पार्टिशन १ एमबीवर सुरू करतं हे खरं, पण अपग्रेड करताना ते जुनं पार्टिशन हलवत नाही. व्हीएममध्ये आणताना किंवा एका डिस्कवरून दुसरीवर नेतानाही ते बहुतेक वेळा जसंच्या तसं येतं.

आधी खात्री करून घ्या. त्या व्हीएममध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, कॉम्पोनंट्समध्ये स्टोरेज, त्यात डिस्क्स. तिथे 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट', म्हणजे पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून किती बाइटवर सुरू होतं ते, दिसेल. १०,४८,५७६ (म्हणजे १ एमबी) असेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि रॅम बघा. माझी पैज मात्र ३२,२५६ वर आहे.

३२,२५६ म्हणजे ६३ गुणिले ५१२. जुन्या बायोसच्या हिशेबात एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर. पहिला ट्रॅक बूटसाठी राखून ठेवायचा आणि पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून सुरू करायचं, अशी रीत होती. डिस्कचे सेक्टर खरोखर ५१२ बाइटचे होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या नव्या डिस्क बहुधा आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या आहेत, बाहेर मात्र ५१२ चं सोंग घेतात. ३२,२५६ ला ४०९६ ने भागा, उत्तर येतं ७.८७५. पूर्ण भाग जात नाही, सगळी गोम तिथेच आहे.

शाळेतली दुरेघी वही आठवा. पहिलंच अक्षर रेघेच्या जरा वर बसवलं की पानभर प्रत्येक अक्षर दोन ओळींत लोंबकळतं, आणि एक खोडायचं तर दोन्ही ओळी खराब होतात. एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल-व्यवस्थेचा) ४ केबीचा प्रत्येक क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा तुकडा, तुमच्या डिस्कवर असाच दोन सेक्टरांवर बसलाय. वाचताना फार बिघडत नाही, शेजारचे दोन सेक्टर एका दमात वाचून होतात. लिहिताना मात्र डिस्कला आधी दोन्ही सेक्टर वाचावे लागतात, त्यात बदल मिसळावा लागतो आणि तबकडी पुन्हा फिरून तिथे येईपर्यंत थांबावं लागतं. ७२०० आरपीएमला एक गिरकी ८.३३ मिलिसेकंदांची. कॅश (तात्पुरती स्मृती) थोडं सांभाळून घेते, पण चलन सेव्ह करताना डेटाबेस डझनांनी छोटे छोटे राइट करतो. म्हणूनच तुमचे रिपोर्ट बरे आणि सेव्ह रडतं.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका पतसंस्थेसाठी मी सर्व्हर २००३ चं एक टेम्प्लेट, म्हणजे साचा, बनवलं आणि त्यावरून अकरा व्हीएम काढले. मार्चअखेरीला व्याजाची आकारणी पहाटेपर्यंत रेंगाळायची. शिव्या मी स्टोरेजला घातल्या. तिथे स्ट्राइप, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा, ६४ केबीची होती. डेटाबेस ६४ केबीचा घास घ्यायचा आणि ३१.५ केबीच्या (म्हणजे त्याच ३२,२५६ बाइटच्या) सरकण्यामुळे प्रत्येक घास दोन डिस्कवर फाटायचा. टेम्प्लेट एकच, म्हणून चूकही अकरा ठिकाणी.

मधल्या थरावर, म्हणजे व्हीएमएफएसवर (ईएसएक्सआयच्या फाइल-व्यवस्थेवर), संशय घेऊ नका. आवृत्ती ५ चा डेटास्टोअर (व्हीएम ठेवायची जागा) सेक्टर २०४८ वर सुरू होतो, आधीचा व्हीस्फिअर क्लायंटमधून (ईएसएक्सआय सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून) केलेला असेल तर १२८ वर. ५१२ ने गुणून बाइट काढले की दोन्हींना ४०९६ ने नीट भाग जातो.

दुरुस्ती गुरुवारी करा, तुमच्याकडे सुट्टी असते. आधी बॅकअप घ्या आणि तो एकदा दुसरीकडे उघडून बघा. स्नॅपशॉट (व्हीएमच्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) असतील तर काढून टाका. डेटाच्या ड्राइव्हसाठी नवी व्हर्च्युअल डिस्क जोडा, डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या पार्टिशन करायच्या साधनात) 'अलाइन' १०२४ (केबी, म्हणजे १ एमबी) देऊन पार्टिशन करा, डेटाबेसची सेवा थांबवून फाइली परवानग्यांसकट रोबोकॉपीने हलवा आणि ड्राइव्हची अक्षरं अदलाबदल करा. सी ड्राइव्हसाठी जीपार्टेडच्या (पार्टिशन सरकवायच्या साधनाच्या) आयएसओवरून व्हीएम बूट करून पार्टिशन एमबीच्या सीमेवर सरकवता येतं, पण त्याला तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर संपलंच. डेटा वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर सी ला हातही लावू नका.

एसएसडी घेतलीत तर वेग वाढेल, नाही कशाला म्हणू? पण तिच्या आतली पानंही ५१२ बाइटची नसतात, त्यामुळे वाकडं पार्टिशन तिथेही दुप्पट काम करायला लावेल, फक्त जाणवणार नाही. आधी ऑफसेट बघा, मग खरेदीला तपकीर गल्लीत जा.

प्रश्न : मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नवीन लिनक्स व्हीएम करतेय. मलाही हे सगळं करावं लागेल का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : नाही. हल्लीचं एफडिस्क (लिनक्सचं पार्टिशन करायचं साधन) पहिलं पार्टिशन सेक्टर २०४८ वरच टाकतं. मनाची शांती हवी असेल तर पार्टेड या तशाच साधनात 'अलाइन-चेक ऑप्टिमल १' विचारा. 'अलाइन्ड' असं उत्तर आलं की प्रोजेक्टला लागा. सीनिअरने दिलेली जुनी व्हीएम कॉपी करून वापरणार असाल, तर मात्र आधी वरचं उत्तर वाचा.