मार्थाने मरीयेला विचारलंच नव्हतं

नोव्हेंबर संपत आला की समुपदेशनाला येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "नाताळ जवळ आला की धडकीच भरते." म्हणणारी बहुतेक वेळा बाई असते. पुरुषही असतात, ते पैशांपासून सुरुवात करतात आणि हळूहळू घरातल्या अबोल्यापर्यंत येतात. घर सजलेलं, मुलं खुशीत, आणि जिच्या जिवावर हे सगळं चाललंय ती २४ डिसेंबरच्या रात्री उपासनेत बसून उद्याच्या स्वयंपाकाचा हिशेब करत असते. वर अपराधी वाटतं ते वेगळंच. सण प्रेमाचा, आणि माझ्या मनात एवढा राग कसा?

ही तक्रार घेऊन आलेल्या अनेकांच्या कहाण्या एकत्र करून इथे एकच सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला आपण ताई म्हणू.

ताई नोकरी करणारी, मोठी सून. २५ तारखेला दुपारी तिच्या घरी चौदा माणसं जेवायला. ती पहिल्यांदा आली तीच कामांची यादी घेऊन: साफसफाई, पडदे, गव्हाणी, झाड, दारातला तारा, फळांचा केक, मुलांसाठी वेगळा केक, सगळ्यांच्या भेटी, कॅरोलचा सराव, शुभेच्छापत्रं, जेवण. तिचा प्रश्न सरळ होता. "हे सगळं न चिडता कसं करायचं ते सांगा."

मी म्हटलं, "प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. हे काम करा असं तुम्हाला कोणी सांगितलं त्याचं."

निम्म्याहून जास्त ओळींपुढे तिला नाव सापडेना. दुसरा केक मुलांनी मागितला नव्हता. एका वर्षी केला, मग तो दरवर्षीचा झाला. पडदे कोणीच सांगितले नव्हते. कोणी न मागितलेल्या गोष्टी सणाच्या नावावर साठत जातात, एकदा केलेलं दुसऱ्या वर्षी रीत होतं आणि तिसऱ्या वर्षी कर्तव्य. अशा ओळी खोडणं तुलनेने सोपं असतं, आणि ताईने बऱ्याच खोडल्याही. पण चेहरा सैल झाला नाही. मग मी दुसरा रकाना काढायला सांगितला. हे काम तुम्ही करता आहात आणि तुम्हाला त्यात मदत हवी आहे, हे कोणाकोणाला माहीत आहे?

"सगळ्यांना."

"तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत ना! जाऊबाई येतात, सोफ्यावर बसतात, सासूबाईंशी गप्पा मारतात. मी ओट्यापाशी. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणतात, मी काय बोलू तिला. आईला फोन केला, तर आई म्हणते, तू मार्था होऊ नकोस, मरीया हो."

ख्रिस्ती घरात ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. येशू दोन बहिणींच्या घरी येतो. मार्था पाहुणचाराच्या कामात बुडालेली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत असते. मार्था तक्रार करते, आणि येशू तिला सांगतो की तू फार गोष्टींची दगदग करतेस, मरीयेने चांगला वाटा निवडला आहे. दमलेल्या बायकांना ही गोष्ट बहुतेक वेळा उपदेश म्हणून ऐकवली जाते, आणि ती ऐकून त्या आणखी दमतात. चौदा जणांचं जेवण आकाशातून पडत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

मी ताईला म्हटलं, "मार्थाने तक्रार कोणाकडे केली?"

"प्रभूकडे. 'हिला सांगा ना मला मदत करायला' असं."

"आणि मरीयेला ती काय म्हणाली?"

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. गोष्ट मनात पुन्हा पहिल्यापासून चाळली असावी. मग म्हणाली, "मरीयेशी ती बोलल्याचं काही आठवत नाही." थोड्या वेळाने स्वतःच, "मी पण जाऊबाईंना कधी काही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. सगळ्या जगाला सांगितलं, त्यांना सोडून."

त्या क्षणी रडणं वगैरे झालं नाही. उलट ती हसली, जरा ओशाळून. माझ्या मते ते हसणं रडण्यापेक्षा मोलाचं होतं, कारण तोवर तिच्या गोष्टीत ती राबणारी आणि बाकीचे ऐतखाऊ एवढ्या दोनच भूमिका होत्या, आणि आता तिला स्वतःचा हात असलेली एक जागा दिसली. गोष्टीच्या त्या कोपऱ्याकडे लक्ष वेधायचं मला सुचलं याचं समाधानही आहे, ते कशाला लपवू?

मी कुटुंबाकडे पाहते ती मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या नजरेने. त्याचं निरीक्षण असं, की दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. त्याने तात्पुरतं हलकं वाटतं, पण मूळ दोघांमधलं अडलेलं तसंच राहतं. ताईच्या घरी राग जाऊबाईंवर, तो ओतला नवऱ्यापाशी, नवऱ्याने कधीतरी आईच्या कानावर घातला, आणि सासूबाईंच्या तोंडून तो जाऊबाईंपर्यंत पोचला तेव्हा त्याचा टोमणा झालेला होता. टोमणा ऐकून कोणी उठून भांडी घासायला जात नाही. माणूस आणखी घट्ट बसतो.

यावर नेहमी येणारं उत्तर, "विचारून काय उपयोग, त्या नाहीच म्हणणार." याबद्दल फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग मी अनेकांना सांगते. त्यात सहभागींनी अनोळखी लोकांना छोट्या विनंत्या करायच्या होत्या: प्रश्नावली भरून द्या, फोन वापरायला द्या. किती जण हो म्हणतील याचा अंदाज आधी घेतला होता. प्रत्यक्षात होकार अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. काही ठिकाणी अंदाज निम्म्यापर्यंत कमी होता. मागणाऱ्याला स्वतःचं अवघडलेपण दिसतं, पण तोंडावर नाही म्हणणं समोरच्यालाही किती जड जातं ते त्याच्या हिशेबात येत नाही.

मात्र विचारणं म्हणजे "जरा मदत करा हं" नव्हे. ताईबरोबर आम्ही वाक्यच तयार केलं: "२५ ला आपण चौदा जण आहोत, दुपारी एक वाजता जेवायचं आहे. चौदा जणांना पुरेल इतकं गोड तुम्ही करून आणाल का? जमणार नसेल तर १० तारखेपर्यंत सांगा, मी विकत आणेन. राग येणार नाही." काम कोणतं, किती जणांसाठी, कधीपर्यंत, आणि नाही म्हणायची मोकळीक, या चारही गोष्टी त्यात आहेत. शेवटची गाळली तर ती विनंती राहत नाही, हुकूम होतो. आणि मोकळीक दिली तर नकार खरोखर झेलायची तयारी हवी. म्हणूनच १० तारीख, २३ नव्हे.

हे कुठे फसतं तेही सांगते. "काहीतरी घेऊन या" म्हटलं की तिघं तोच पदार्थ आणतात. घराच्या ग्रुपवर "कोण मदत करणार?" असं टाकलं की अंगठे येतात, माणसं येत नाहीत. बघणारे जितके जास्त तितकी प्रत्येकाला स्वतःची जबाबदारी कमी वाटते, हे जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ सालीच दाखवलं आहे. म्हणून एका माणसाला, नावाने, शक्यतो आवाज ऐकू येईल असं विचारायचं. तिसरी चूक सगळ्यांत मोठी, काम देऊन त्यावर पहारा करणं. गोड जरा कमी गोड झालं, टेबल वेगळ्या तऱ्हेने मांडलं, मुलांनी झाडाच्या एकाच बाजूला सगळ्या चांदण्या लावल्या, तर ते तसंच राहू द्यायचं. पाठ वळल्यावर चांदण्या हलवल्या की पुढच्या वर्षी मुलं झाडाजवळ येत नाहीत. आणि विचारताना मागचा हिशेब काढायचा नाही. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. स्वतःचे कष्ट ज्याचे त्याला जास्त आठवतात. त्या वादात जिंकून हाती काही लागत नाही.

भेटवस्तूंचा जाच याचाच भाऊ. चौदा माणसांनी प्रत्येकी बाकीच्या तेरांना भेट द्यायची तर १८२ भेटी होतात. चिठ्ठ्या टाकल्या तर चौदा. चिठ्ठ्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी काढाव्यात. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणजे हातात तीन आठवडे राहतात. नवरा-बायको एकमेकांना येऊ नयेत एवढं बघायचं, लहान मुलांना हवं तर चिठ्ठ्यांबाहेर ठेवायचं. रकमेला वरची मर्यादा सगळे घालतात, खालची कोणी घालत नाही, आणि मग एकाला भारी वस्तू आणि दुसऱ्याला किरकोळ मिळून तोंडं पडतात. दोन्ही ठरवा. चिठ्ठीवर नावाखाली हव्या असलेल्या तीन गोष्टी लिहून घ्या. यात गंमत जाते असं वाटतं, पण फ्रान्सेस्का जीनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासात घेणाऱ्यांना मागितलेली वस्तूच जास्त आवडल्याचं दिसलं. न मागता काहीतरी खास द्यावं ही हौस देणाऱ्याची असते.

वेळेबद्दल थोडक्यात. नाताळ एका दिवसात कोंबायची गरजच नाही. परंपरेने हा सण २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत, म्हणजे ६ तारखेच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या (एपिफनीच्या) आदल्या दिवसापर्यंत, बारा दिवसांचा आहे. मित्रमंडळी, शेजारी, ऑफिसचे लोक यांना २८ ला किंवा १ जानेवारीनंतर बोलावलं तर कोणाचं काही बिघडत नाही. मध्यरात्रीच्या उपासनेनंतर मुलं अर्धवट झोपेत उठलेली असतात, त्यामुळे दुपारी रडारड होणारच. ती शिस्तीची बाब नाही, झोपेची आहे. जेवणापूर्वी तासभर त्यांना आडवं करा, आणि सगळ्या भेटी एका बैठकीत उघडू देऊ नका. केकचंही तसंच. दारूत भिजवलेल्या फळांचा घट्ट केक तीन-चार आठवडे आधी करून, बटरपेपर आणि त्यावर फॉइल गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवला तर उलट मुरतो. रसात भिजवलेल्या फळांचा केक इतका टिकत नाही. तो पूर्ण गार झाल्यावर नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि आदल्या दिवशी आवरण न काढता बाहेर काढायचा. आवरण आधी काढलं तर हवेतली वाफ केकवर धरते आणि वरचा थर चिकट होतो. स्पंज केक मात्र आदल्या दिवशीच करा.

शुभेच्छापत्रांचं ओझं वाटणाऱ्यांना मी त्यांचा जन्म सांगते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांना सगळ्यांना वेगवेगळी पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेऊन छापलं. म्हणजे ती सोयच होती. आपण तिची सक्ती केली. कार्डांचा गठ्ठा सोडून दोन-तीन माणसांना चार ओळी लिहा: तुम्ही माझ्यासाठी अमुक केलंत, त्याचा मला असा उपयोग झाला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत अशी पत्रं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. वाचणाऱ्यांना झालेला आनंद मात्र त्या अंदाजाहून कितीतरी जास्त निघाला. ताईने पहिलं पत्र सासूबाईंना लिहिलं. मला ते अपेक्षित नव्हतं.

ज्या घरात यंदा एक माणूस कमी आहे, त्यांच्यासाठी वरचं बहुतेक सगळं बाजूला ठेवा. तिथे विषय टाळल्याने दुःख टळत नाही, फक्त जो तो एकटा पडतो. जेवणाआधी त्या माणसाचं नाव घ्या, त्याची एक आठवण सांगा, आणि कोणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, हे आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा.

ताईने जाऊबाईंना विचारलं ते फोनवर, लिहून काढलेलं वाक्य समोर धरून. पलीकडून आधी शांतता आणि मग, "अहो, मला वाटायचं तुम्हाला तुमच्या ओट्यापाशी कोणी आलेलं आवडत नाही." इतकी वर्षं दोन बायका एकमेकींबद्दलचे अंदाज घेऊन एकाच घरात सण करत होत्या! जाऊबाई गोड घेऊन आल्या, अर्धा तास उशिरा. ताईने तो अर्धा तास मुलांबरोबर पत्ते खेळत काढला आणि हरली.

तिला मी आणखी एक काम दिलं होतं, ते सगळ्यांनाच देते. २६ किंवा २७ डिसेंबरला, आठवण ताजी असताना, वीस मिनिटं बसून एका कागदावर लिहायचं: काय उरलं, काय कमी पडलं, कोणाला कोणतं काम आवडलं, काय केलं नाही आणि तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. हा कागद फोनमध्ये ठेवू नका, तिथे तो हरवतो. दिव्यांच्या माळा ज्या खोक्यात जातात त्यात सगळ्यात वर ठेवा. पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर माळा तपासण्याआधी तो हातात येतो.