हॅम्बुर्गला एकटी निघालेल्या देवगडच्या मुलीला

तू विचारलंयस की ऑक्टोबरात मास्टर्ससाठी हॅम्बुर्गला जायचंय, तिथे ओळखीचं कुणी नाही, एकटीने राहून वेड तर लागणार नाही ना? आणि आई म्हणतेय, त्यापेक्षा मावसभाऊ आहे त्या म्युनिकला जा. मी सात वर्षं हॅम्बुर्गमध्ये एकटीच राहतेय. आत्ता गणपतीला आचऱ्याला घरी आलेय आणि पडवीत बसून हे लिहितेय. वीज दोनदा जाऊन आली, तेव्हा उत्तर जरा तुटक वाटलं तर चालवून घे.

मावसभावासाठी शहर बदलू नकोस. तो पहिले पंधरा दिवस कामाला येईल, पुढे त्याचा त्याला संसार आहे.

कागदपत्रांचं आधी उरकते. घरात राहायला गेलीस की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला कुरकुर करणाऱ्याची खोली घेऊ नकोस, आणि खोली बघितल्याशिवाय डिपॉझिट तर अजिबात पाठवू नकोस. मी पाठवलं होतं, चारशे युरो गेले ते गेलेच. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही, हेही ध्यानात ठेव. आणि गेल्या गेल्या टपालपेटीवर तुझं आडनाव चिकटव. तिथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून टाकतो. मी तीन आठवडे नाव लावलं नव्हतं, बँकेचं कार्ड आलं तसं परत गेलं.

आता खरं अवघड काय ते. तू ऑक्टोबरात जाणार, म्हणजे थेट अंधारात शिरणार. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात, आणि डिसेंबरात उजाडायला साडेआठ होतात नि चारला दिवस मावळलेला असतो. पावसाची आपल्याला सवय आहे असं मला वाटायचं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, हॅम्बुर्गला वर्षभरात जेमतेम 800. पण आपला पाऊस बदाबदा पडून मोकळा होतो. तिकडचा नुसता भुरभुरत राहतो, वारा छत्री उलटी करतो. चांगलं जॅकेट घे, छत्रीवर पैसे घालवू नकोस. आणि दुपारी उजेड असेल तेवढ्यात अर्धा तास बाहेर पडायचंच.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावायचे. थंडीत साडेचार तासांचा फरक पडतो, माझे सात वाजायचे तेव्हा इथे साडेअकरा झालेले. आई जांभया देत बसायची, मी तिला जेवणाचं ताट दाखवायचे. तीन महिने मी ना धड तिकडे होते, ना धड इकडे. शेवटी आईनेच सांगितलं, बुधवारी नि रविवारी कर. वाईट वाटलं होतं तेव्हा, पण तिचंच बरोबर होतं.

निघताना आजीने एकच विचारलं होतं, "थंय तुका कोण इचारतलो गो?" तेव्हा मी हसले होते. पण एकटीने राहायचं तर हा एवढाच प्रश्न सोडवायचा असतो. पार्ट्यांना, इंटरनॅशनल मुलांच्या भेटींना शंभर जण भेटतात, आणि पुढच्या वेळी तू गेली नाहीस तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दर आठवड्याला त्याच वाराला, त्याच माणसांत जायचं असं एक ठिकाण शोध. जर्मनीत कशाचाही फेराइन असतो, म्हणजे रीतसर मंडळ: वल्हवण्याचं, बुद्धिबळाचं, बागकामाचं. मी रामेश्वराच्या देवळातल्या भजनात टाळ कुटत वाढलेली, म्हणून समूहगानाच्या गटात शिरले. त्याला तिथे कोर म्हणतात. पहिले चार महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिकडची माणसं सावकाश उघडतात, फणसासारखी, हाताला तेल लावून बसावं लागतं. मग तापाने माझे दोन मंगळवार चुकले. तिसऱ्या दिवशी शेजारी बसणाऱ्या बाईंचा फोन आला, बरी आहेस ना, तुझ्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवतोय. फोन ठेवून मी रडले, खोटं कशाला सांगू.

मराठी मंडळींकडे जरूर जा, गणपतीला तर जाच. पण दर शनिवार-रविवार तिथेच काढलास तर जर्मन येणार नाही. माझी दोन वर्षं अशीच गेली.

रविवार सगळ्यात लांबतो, कारण दुकानं बंद असतात. शनिवारी दूध-भाजी आणून ठेव. मात्र रविवारी पहाटे मासळीबाजार भरतो, 1703 पासून. उन्हाळ्यात पाचला सुरू, साडेनऊला खलास. विक्रेते ओरडून ओरडून माल खपवतात, डोळे मिटले तर मालवणच्या बंदरावरचा लिलाव. भाव ऐकून मात्र डोळे उघडतात. तिथूनच जवळच्या धक्क्यावरून 62 नंबरची बोट निघते, बस-ट्रेनच्या तिकिटातच. तरीत बसल्यासारखं बसायचं नि फिंकेनवेर्डरपर्यंत जाऊन यायचं. एल्बं नदीला भरती-ओहोटी आहे हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. समुद्र शंभर किलोमीटर लांब, तरी पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडला की खाडीचा वास येतो. मी पहिल्यांदा हुंगला तेव्हा बोट दोनदा सोडून दिली.

सामानाचं विचारलंयस. हापूस नेऊ नकोस. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, नसेल तर विमानतळावर काढून घेतात, 2019 च्या डिसेंबरपासून नियम कडक झालाय. नारळ आणि केळी चालतात. तूप, पेढे, दुधाचं काहीही नाही. सुकी मासळी 20 किलोपर्यंत चालते, हे ऐकून माझ्या आजीला युरोपाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आमसुलं भरपूर ने. बोंबील मात्र जपून. मी पहिल्या महिन्यात रात्री नऊला खिडक्या बंद करून भाजले, धुराचा अलार्म वाजला आणि वरचे आजोबा चप्पल घालून खाली आले. त्यांनी अर्धा तास खिडकी कशी नि किती वेळ उघडायची ते शिकवलं. हिवाळ्यातसुद्धा रोज पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून जाऊ शकतो. बुरशीचं आपल्याला नव्याने सांगायला नको.

बोंबील अजूनही भाजते. शनिवारी दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, आजोबांना आधी सांगून.