तिथला व्यापारी पण पळतोच की

प्रश्न : माझा मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा सांगत होता की डार्कनेटवर बाजार भरतात, विकणारा कोण, घेणारा कोण, कुणालाच माहीत नसतं तरी लोक पैसे पाठवतात. आमच्याकडं घरात बसून चहा पिऊन गेलेला व्यापारी द्राक्षाचे पैसे बुडवतो, मग तिथं तोंड न बघता विश्वास कसा काय बसतो? (एक बागायतदार, तासगाव)

उत्तर : काका, प्रश्न एकदम बरोबर जागी मारलाय तुम्ही, आणि याचं उत्तर अर्धं तुम्हालाच माहीत आहे, फक्त त्याला तिथं वेगळी नावं आहेत.

डार्कनेट किंवा डार्कवेब म्हणजे इंटरनेटचा नेहमीच्या ब्राउझरनं न दिसणारा भाग. आधी तिथं बाजार लपतो कसा ते बघू. आपल्या हरिपुरातली हळदीची पेवं आठवा, वरून बघितलं तर नुसती माती, खाली माल. तसं टॉर नावाचं नेटवर्क आहे, मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, 1990 च्या दशकातली. तुमचा निरोप साधारण तीन कॉम्प्युटरवरून उड्या मारत जातो आणि प्रत्येकाला फक्त मागचा नि पुढचा माहीत, अख्खा रस्ता कुणालाच नाही. त्यात 2009 ला बिटकॉइन आलं, म्हणजे बँकेशिवाय पैसे द्यायची सोय झाली. या दोन्हीची मोट बांधून 2011 ला सिल्क रोड नावाचा बाजार उभा राहिला, मुख्य माल अमली पदार्थ. हे सांगून ठेवतो, कारण पोरं 'प्रायव्हसी प्रायव्हसी' करतात आणि तिथं विकलं काय जातं ते सांगायचं विसरतात.

आता विश्वास. तिथं मधे अडत्या असतो. घेणाऱ्यानं पैसे विकणाऱ्याला द्यायचेच नाहीत, बाजार चालवणाऱ्याकडं ठेवायचे, माल पोचला म्हणून सांगितलं की मग तो आपलं कमिशन कापून पुढं देणार. याला एस्क्रो म्हणतात. शिवाय विकणाऱ्याकडून अनामत घेतात, म्हणजे सोम्यागोम्या दुकान टाकणार नाही, आणि प्रत्येक सौद्यानंतर स्टार आणि शेरा, ऑनलाइन साडी घेतल्यावर देतो तसाच. भांडण झालं तर बाजाराचा माणूस निवाडा करतो. पोलिसात जायची सोयच नसल्यामुळं हे सगळं त्यांना स्वतःच उभं करावं लागलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या मार्केट यार्डाचीच आठवण झाली.

अजून एक गंमत बघा. तोंड नाही, नाव खोटं, मग हा तोच विकणारा कशावरून? तर पीजीपी म्हणून 1991 पासूनचं एक तंत्र आहे, त्यात प्रत्येकाकडं स्वतःची गुप्त किल्ली असते, तिनं निरोपावर सही करता येते आणि ती सही दुसऱ्याला मारता येत नाही. एक बाजार बुडाला तरी विकणारा दुसऱ्या बाजारात जाऊन तीच सही दाखवतो आणि जुनी गिऱ्हाइकं परत येतात, म्हणजे पेढी जळाली तरी शिक्का खिशात.

पण मग अडत्याच पळाला तर? इथं तुमची द्राक्षं आली बघा. तुमच्याकडं व्यापारी पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो, दुसरीचे पण देतो, गावात नाव होतं आणि ऐन सिझनमधे दहा बागांचा माल उधारीवर उचलून फोन बंद. तिथं त्याला एक्झिट स्कॅम म्हणतात आणि रीत अगदी हीच आहे, वर्ष दीड वर्ष चोख धंदा करायचा, भरपूर लोकांचे पैसे एस्क्रोत साठू द्यायचे आणि एका रात्रीत दिवा मालवायचा. मार्च 2015 मधे इव्होल्यूशन नावाचा मोठा बाजार असाच गेला, त्या वेळच्या अंदाजानं 1 कोटी 20 लाख डॉलरची बिटकॉइन घेऊन. 2013 ला शीप, 2019 ला वॉल स्ट्रीट मार्केट, यादी मोठी आहे. वॉल स्ट्रीटवाले मात्र पळता पळता जर्मन पोलिसांना सापडले.

यावर त्यांनी उपाय पण काढला होता. सोसायटीच्या चेकवर चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या लागतात ना, तसं पैशाला तीन किल्ल्या, एक घेणाऱ्याची, एक विकणाऱ्याची, एक बाजाराची, कुठल्याही दोन लागल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. कागदावर झकास, पण लोकांना किचकट वाटलं, कंटाळा केला. उलट नावाजलेले विकणारे आधी पैसे मोकळे करा म्हणायला लागले आणि लोक करायला पण लागले, नाव मोठं आहे म्हणून. काका, यात तुम्हाला नवीन काही वाटलं का?

प्रश्न : टॉर, पीजीपी, क्रिप्टो, एवढं सगळं वापरून पण हे लोक पकडले कसे जातात? टॉर फुटलं का? (विद्यार्थी, सातारा)

उत्तर : गाजलेल्या केसेस बघितल्या तर कुलूप क्वचितच फुटलंय रे, किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली सापडलीय.

सिल्क रोड चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट. सुरुवातीला बाजाराची जाहिरात करायला एका टोपणनावानं इंटरनेटवर लिहिलं आणि त्याच टोपणनावानं नंतर कामाला माणूस पाहिजे म्हणून टाकलं, खाली ईमेल स्वतःच्या खऱ्या नावाचा. एका टॅक्स खात्याच्या अधिकाऱ्याला तो साधं गुगल सर्च करून सापडला. 1 ऑक्टोबर 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका लायब्ररीत तो लॅपटॉप उघडून बसला होता, मागं साध्या वेशातल्या दोघांनी नवराबायकोसारखं भांडण काढलं, यानं मान वळवली, तेवढ्यात लॅपटॉप उचलला. बंद झाला असता तर एन्क्रिप्शनमुळं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात माहिती असल्यामुळं, काही हाताला लागलं नसतं. 2015 ला जन्मठेप झाली आणि जानेवारी 2025 मधे ट्रम्पनी माफी दिली, ते राजकारण वेगळं.

अल्फाबेचा अलेक्झांद्र काझेस अजून भारी. सिल्क रोडपेक्षा कितीतरी मोठा बाजार चालवला, पण सुरुवातीला नवीन मेंबरला जाणाऱ्या वेलकम ईमेलमधे त्याचा जुना हॉटमेलचा पत्ता तसाच राहिला होता. जुलै 2017 ला बँकॉकमधे पोलिसांनी त्याच्या घराच्या गेटला मुद्दाम गाडी धडकवली, काय झालं बघायला हा बाहेर आला, आत लॅपटॉप चालू.

पण मला विचारशील तर खरी कमाल डच पोलिसांची. अल्फाबे बंद झाल्यावर सगळी गिऱ्हाइकं हान्सा नावाच्या दुसऱ्या बाजारात पळाली, आणि हान्सा त्याआधीच पोलिसांच्या ताब्यात होता. जवळजवळ महिनाभर पोलिसच दुकान चालवत होते! ऑर्डर घेतायत, भांडणं मिटवतायत, आणि कोड असा बदलून ठेवलेला की निरोप एन्क्रिप्ट व्हायच्या आधी घरचा पत्ता त्यांच्याकडं उतरतोय. विकणाऱ्यांनी टाकलेल्या फोटोत तो कुठं काढला ही माहिती लपलेली असते, ती तिथं आपोआप पुसली जायची, ते पुसणं पण बंद केलं. 20 जुलै 2017 ला जाहीर केलं तेव्हा त्या दुनियेत जो इस्कोट झाला तो झाला, कारण पैसा गेला तर परत मिळवता येतो, पण आता कुठला बाजार खरा आणि कुठला पोलिसांचा हेच कळेना.

आणि बिटकॉइन गुप्त असतं ही अफवाच समज. ती चावडीवर टांगलेली खतावणी आहे, नाव नसतं पण प्रत्येक नोंद कायमची. सिल्क रोडचा तपास करणाऱ्यांपैकी दोन सरकारी एजंटनीच तिथल्या बिटकॉइनवर हात मारला होता, या नोंदींचा माग लागून ते दोघं पण शेवटी तुरुंगात गेले.

प्रश्न : नुसतं आत जाऊन बघितलं तर गुन्हा आहे का? काही घ्यायचं नाहीये. (नाव नको, कराड)

उत्तर : टॉर ब्राउझर वापरायला आपल्याकडं बंदी नाही, पत्रकार वगैरे लोक वापरतात. तिथून माल मागवलास की मात्र 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आणि पार्सल शेवटी येतं ते पोस्टानं किंवा कुरिअरनं, तिथं टॉर नाही. 2025 मधे एनसीबीनं, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागानं, केरळातल्या मुवाट्टुपुळाचं एक मोठं विक्रीचं जाळं पकडलं त्यात पण पार्सलंच होती. 'काही घ्यायचं नाहीये' हे वाक्य तू न विचारता लिहिलंस म्हणून थोडं जास्त सांगतो. इन्कॉग्निटो नावाच्या बाजारानं सांगितलं होतं की तुमचे निरोप आम्ही आपोआप एन्क्रिप्ट करतो, काळजी नको. मार्च 2024 ला लोकांचे पैसे अडकवले ते अडकवले, वर विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना धमकी, तुमचे सगळे निरोप आमच्याकडं आहेत, पैसे भरा नाहीतर जाहीर करतो. 100 डॉलरपासून 20,000 डॉलरपर्यंत रेट लावले होते. चालवणारा त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला. आता असं झालं तर तक्रार कुणाकडं करणार सांग.

प्रश्न : 'तुमचा आधार डार्कवेबवर विकला जातोय, काढून टाकण्यासाठी लिंक दाबा' असा मेसेज आलाय. रात्रभर झोप नाही. (शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : मॅडम, लिंक दाबू नका, एकदा फिरलेली माहिती कुणी काढून देऊ शकत नाही, त्यामुळं काढून देतो म्हणणारा खोटाच. चोरीचा डेटा विकला जातो हे खरं आहे, 2023 ला बंद पाडलेल्या जेनेसिस मार्केटमधे तर लोकांच्या ब्राउझरमधली चालू लॉगिनंच विकायला होती, पण म्हणून तुमचाच आहे असं या मेसेजवरून ठरत नाही. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, दोन्हीकडं वेगळे ठेवा, ओटीपीवालं दुसरं कुलूप लावा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, आधारच्या सरकारी ॲपमधे सोय आहे. लिंक आधीच दाबली असेल आणि पैसे गेले असतील तर वाट न बघता लगेच 1930 ला फोन करा. आणि तो मेसेज डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला लागतो.