वाचक विचारतात : चामड्याचे ब्रिटिश हातमोजे

प्रश्न : एकाच मापाचे, मेंढीच्याच चामड्याचे दोन जोड आहेत. एकावर ‘टेबल कट’ असे लिहिले आहे, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्याची बोटे काही आठवड्यांतच लांबली, टोके रिकामी राहू लागली. शिवण तर दोन्हींची सारखीच दिसते. मग हे कशाने झाले?

उत्तर : शिवणीचा यात दोष नाही. चूक कापण्याच्या आधीच झालेली असते.

चामडे कापडासारखे एकसारखे नसते. कण्याच्या बाजूला ते घट्ट, पोटाच्या बाजूला सैल, आणि दर कातड्याची ओढ, म्हणजे ताणले जाण्याची क्षमता, वेगळी. टेबल कटिंग करणारा कारागीर कातडे आधी ओलसर करतो, टेबलाच्या कडेवरून ओढून पाहतो आणि लांबीच्या दिशेची ओढ निघेल तेवढी काढून टाकतो. रुंदीची ओढ मात्र तो जपून ठेवतो. हातमोजा चढवताना आणि मूठ वळताना चामडे आडवे ताणले जायला हवे, म्हणून. लांबीची ओढ चामड्यात राहिली तर ती वापरताना तुमच्या हाताने निघते, आणि बोटे लांबतात. उलट, रुंदीचीही ओढ निघून गेली तर मोजा आखडतो आणि अंगठ्याच्या मुळाशी शिवण उसवते.

ओढ अशी बसवल्यावर त्यातून एक आयत कापतात. इंग्लंडमधले कारागीर त्याला ‘ट्रँक’ म्हणतात. पंजाची पुढची आणि मागची बाजू या एकाच तुकड्यातून निघते. उजव्या-डाव्या हाताचे ट्रँक कातड्याच्या शेजारशेजारच्या भागांतून घेतात. तसे केले नाही, तर रंग जुळला तरी वापरानंतर जोडातला एक मोजा सैल पडतो. बोटांच्या फटी मात्र टेबल कटिंगमध्येही पोलादी साच्याने, दाबाखालीच कापतात. साच्यांची आणि मापांची ही पद्धत ग्रेनोबलच्या झेवियर जुव्हँ यांनी 1830च्या दशकात बसवली. तेव्हा साच्याला उगाच नावे ठेवू नयेत. न ओढलेल्या चामड्यावर थेट साचा मारला, की बिघडते.

प्रश्न : बोटांच्या मधल्या पट्ट्या कशासाठी? काही मोज्यांत त्यांच्या मुळाशी एक बारीक चौकटही दिसते.

उत्तर : बोटाला पुढची-मागची बाजू असते तशी जाडीही असते. ती या पट्ट्यांतून मिळते. त्यांना ‘फोर्शेट’ म्हणतात. चार बोटांत फटी तीन, म्हणून तीन जोड्या. मुळाशी असलेली शंकरपाळ्याच्या आकाराची ठिगळी म्हणजे ‘क्वर्क’. बोटे फाकवली की सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो, तो ती वाटून घेते. क्वर्क शिवणे जिकिरीचे असते, म्हणून स्वस्त मोज्यांत ते गाळतात. विकत घेताना आम्ही सर्वांत आधी तिथेच पाहू.

प्रश्न : माझ्या मोज्यांच्या शिवणीत चामड्याच्या कच्च्या कडा बाहेर दिसतात. माल सदोष आहे का?

उत्तर : नाही. ती ‘प्रिक्ससीम’ शिवण. दोन्ही कडा बाहेर ठेवून शिवल्याने आत बोटाला काही टोचत नाही. जाड चामड्याला ती शोभते. ‘पिके’ शिवणीत एक कड दुसरीवर चढते, म्हणून एकच कड दिसते. नाजूक मोज्यांची शिवण आतून घालतात. हातशिलाईत टाके सारखे पडावेत म्हणून दातेरी पितळी जबड्यांची पायाने चालणारी पकड वापरतात. तिचे नाव ‘डाँकी’, म्हणजे गाढव! 1807 साली तिचे पेटंट सॉमरसेटमधल्या स्टोक-सब-हॅम्डनच्या जेम्स विंटर यांनी घेतले.

प्रश्न : माप कसे घ्यावे?

उत्तर : जो हात जास्त वापरता त्याचे. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी जिथे पंजा सर्वांत रुंद तिथे फीत गुंडाळा आणि मूठ हलकेच वळा. ब्रिटिश मापाचा आकडा म्हणजे जवळजवळ तेवढे इंच. साडेआठ इंच भरले तर साडेआठ नंबर. दोन आकड्यांच्या मध्ये अडलात तर बिनअस्तराच्या मोज्यात लहान घ्या, तो हातावर बसतो. लोकर किंवा काश्मिरी अस्तर असेल तर मोठा.

प्रश्न : पावसात भिजलेला जोड हीटरवर वाळवला, तर तो कडक होऊन आकसला. पूर्ववत होईल का?

उत्तर : पूर्ण नाही. ओल्या चामड्याला उष्णता लागली की त्याचे तंतू आकसतात, आणि ते पुन्हा ताठ ओढले तर चिरतात. पुढच्या वेळी पाणी टिपून घ्या, बोटे हाताने सरळ करा आणि सावलीत आडवे ठेवून वाळू द्या. किंचित दमट असतानाच एकदा हातात घालून मुठी वळा. काढतानाही एकच बोट धरून खेचू नये. प्रत्येक बोट थोडे थोडे सैल करावे. टाका उसवला तर तिकोनी टोकाची बारीक सुई जुन्याच भोकांतून घाला. चामड्यातले भोक पुन्हा बुजत नाही, आणि नवी भोके जवळजवळ पाडली तर तिथून चामडे फाटते.

प्रश्न : इंग्लंडमधले वुस्टर हे हातमोज्यांचे शहर होते, मग डेंट्स कंपनी विल्टशरमध्ये कशी?

उत्तर : डेंट्स 1777 साली वुस्टरमध्येच सुरू झाली. 1826 मध्ये परदेशी हातमोज्यांच्या आयातीवरची बंदी उठली, फ्रेंच माल आला आणि वुस्टरचा धंदा झपाट्याने उतरला. डेंट्स टिकली, 1937 मध्ये ती विल्टशरमधल्या वॉर्मिन्स्टरला गेली. त्याच वर्षी तिने सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी हातमोजा केला. एकच, उजव्या हाताचा, कारण राजदंड त्या हातात धरायचा असतो. 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सने नवा न करवता तोच वापरला. समारंभात तो लॉर्ड इंदरजित सिंग यांनी राजाला दिला. सॉमरसेटमधल्या येओव्हिलचा धंदाही असाच ओसरला, पण तिथल्या फुटबॉल संघाला लोक अजून ‘ग्लव्हर्स’, म्हणजे हातमोजे करणारे, म्हणतात.