बदली शिक्षिकेची पूर्वतयारी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रजेवरच्या शिक्षकांच्या जागी बदली शिक्षिका म्हणून काम सुरू करण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. वर्ग माझे ऐकेल का, ही तुझी काळजी मला समजते. परंतु तयारीची सुरुवात त्या प्रश्नापासून करू नये, असे मला वाटते. मुलांचा तो तास वाया जाऊ नये यासाठी आपल्या हाताशी काय काय असायला हवे, हे आधी ठरव. शिस्तीचा बराचसा प्रश्न त्यातच सुटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० साली वर्गव्यवस्थापनाविषयीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच आढळले होते. गडबड झाल्यावर मुलांना रागे भरण्याच्या पद्धतीत यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांमध्ये फारसा फरक नव्हता. फरक होता तो गडबडीला वावच राहू नये अशा रीतीने तास चालवण्यात.

शाळेत तासाच्या निदान अर्धा तास आधी पोहोच. हजेरीपट, वेळापत्रक, मुलांच्या बैठकीचा तक्ता आणि रजेवरच्या शिक्षकांनी ठेवलेले टाचण मागून घे. याखेरीज दोन गोष्टी विचारल्याशिवाय वर्गात जाऊ नकोस: औषध, ॲलर्जी किंवा अन्य कारणाने कोणत्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, आणि धोक्याची घंटा झाली तर वर्ग कोणत्या वाटेने बाहेर न्यायचा. टाचणात हे बहुधा नसते, कारण रोजच्या शिक्षकांना ते पाठ असते आणि म्हणून लिहायचे सुचत नाही.

मुले आत येण्यापूर्वी फळ्यावर तुझे नाव आणि पाच मिनिटांत होईल असे एखादे काम लिहिलेले असू दे, म्हणजे तू हजेरी घेत असताना वर्ग रिकामा बसणार नाही. नवीन शिक्षक दिसले की जागा आणि नावे बदलून बसण्याचा मोह काही मुलांना होतोच. म्हणून प्रत्येकाला कागदाची घडी करून त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून बाकावर उभी ठेवायला सांग आणि ती नावे तक्त्याशी ताडून पाहा. पुढे दिवसभर प्रत्येकाला नावाने हाक मारता येते, हा त्याचा मोठा लाभ. ‘आमच्या बाई असं करू देतात’ हे वाक्य तुला हमखास ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नकोस आणि त्या मुलाला खोटेही ठरवू नकोस. ‘असेल, पण आज आपण टाचणात लिहिलंय तसं करू, तुझं म्हणणं मी बाईंना लिहून ठेवते,’ एवढे शांतपणे सांग, आणि मग ते खरोखरच लिहून ठेव.

सर्वांत जास्त वेळ दे तो राखीव पाठाला. टाचण कधी अपुरे असते, कधी नसतेच, आणि कधी दिलेले काम पंधरा मिनिटांत संपते. अशा वेळी कोणत्याही धड्यावर अवलंबून नसलेला, फळा आणि वही एवढ्यावरच चालणारा पाठ पिशवीत हवा. गणितासाठी मी गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा स्थिरांक सुचवेन. ते स्वतः शाळेत शिकवत असत, म्हणून मला तो अधिकच योग्य वाटतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच; हाच तो स्थिरांक. प्रत्येकाची संख्या निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून लिहिण्यात अर्थ उरत नाही, आणि ज्याचे उत्तर जुळत नाही तो आपली वजाबाकी स्वतःच तपासू लागतो. शून्य गाळायचे नाही, हे मात्र आधीच बजावून सांग. असाच एकेक पाठ भाषेचा आणि विज्ञानाचा तयार कर आणि घरी स्वतः करून पाहा.

प्रश्न विचारल्यावर थांबायचीही सवय कर. परक्या वर्गातली शांतता अंगावर येते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना त्यांच्या संशोधनात दिसले होते.

दिवस संपल्यावर रजेवरच्या शिक्षकांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिही. काय पूर्ण झाले, कुठे थांबलो, कोण गैरहजर होते, कोणी मदत केली, हे त्यात यावे. एखाद्या मुलाने त्रास दिला असेल तर ‘उद्धट आहे’ असा शेरा न मारता तो काय म्हणाला आणि तू काय केलेस, एवढेच नोंदव. त्या मुलाला उद्या त्याच बाईंसमोर बसायचे आहे. चिठ्ठी टेबलावर ठेवून न जाता कार्यालयात दे.

तुला कोणत्या इयत्ता मिळणार ते कळव, म्हणजे भाषेचा राखीव पाठ आपण मिळून बेतू.

कळावे,
तुझी हितचिंतक