तुम्ही पाठवलेलं वहीचं पान मी वाचलं

पत्र: मुलगी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट काय, तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीला चिकटलेलं पाणी इन्फ्रारेडने तपासायचं. ओव्हनमध्ये वाळवलं की पाणी उडतं, मग अभ्यास कशाचा? तिने एमपीएससी द्यायची असं आम्ही ठरवलं आहे. तिला समजवा. तिच्या नकळत वहीचा फोटो काढून पाठवतोय. – एक वडील, सातारा

उत्तर: नमस्कार. आधी फोटोबद्दल. मुलगी एम.एस्सी.ला आहे आणि तिची वही तुम्ही तिच्या नकळत उघडलीत, हे मला अजिबात पटलं नाही. पत्रात ‘आम्ही ठरवलं’ आहे, पण तिला काय हवंय हे एका शब्दानेही नाही. ते तुम्ही विचारलंच नसावं असं दिसतं, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

आता ओव्हनचं. पाण्याचा अख्खा रेणू पावडरीच्या पृष्ठभागावर असेल तर इन्फ्रारेडच्या आलेखात १६३०च्या (एकक: प्रति सेंटिमीटर) आसपास पट्टा दिसतो. तो रेणूच्या वाकण्याचा. पण काही पाणी ऑक्साइडवर तुटतं आणि ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन धातूच्या अणूला धरून बसतं. त्याला १६३०चा पट्टा नसतो, ३७००च्या अलीकडे-पलीकडे बारीक टोकं दिसतात, आणि ११० अंशांच्या ओव्हनला ते दाद देत नाही. उत्प्रेरक (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) कसा वागेल हे बऱ्याचदा याच गटांवर ठरतं. तुमच्या मुलीने आलेखाखाली पेन्सिलीने लिहिलंय: ‘१६३० गेला, ३६९० तसाच. का?’ पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेल्या पानावर हा प्रश्न आहे! तो कुणी शिकवून सुचत नाही हो.

नेट, गेट या वाटा तिला माहीत असणारच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर मोठं काम चालतं. रंग, सिमेंट, रिफायनरी या उद्योगांनाही पृष्ठभाग समजणारी माणसं लागतात. नोकरी लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, पीएच.डी.ची चार-पाच वर्षं ओढाताणीची असतात. पण एमपीएससीतही वर्षं जातातच, आणि मन नसताना ती फारच जड जातात.

तिला मी समजावणार नाही. वही उघडल्याचं तुम्हीच तिला सांगा आणि माझा एक निरोप द्या: केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची, जिच्यात नमुना दाबून बसवतात ती) गोळी हवेतली ओल ओढते, तेव्हा आधी तो घोळ काढ. मग नमुन्याला जड पाण्याची (ज्यात हायड्रोजनऐवजी जड ड्युटेरियम असतं) वाफ देऊन बघ. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम येऊन ३६९०चं टोक २७००च्या जवळ सरकलं, तर तो ओएच पृष्ठभागावरचाच. काय दिसलं ते तिने मला स्वतः कळवावं.